पाव्हण्याचं दावं

दिवाळीत घर सोडून कुणी जातं का, असं माझी भावजय मला तोंडावर म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण शाळेची सुट्टी त्याच दिवसांत आणि आईचा हट्टही त्याच दिवसांत. आई तेव्हा ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. साताऱ्याला भावाच्या दिवाणखान्यात तिची खाट आणि समोरच्या भिंतीवर आजोबांनी मारलेल्या वाघाचं मुंडकं. काचेचे डोळे, उघडा जबडा, मिशांची मात्र नुसती भोकं. आजोबा, म्हणजे आईचे वडील, जंगलखात्यात होते. खानदेशात बदली असताना, चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांनी हा वाघ मारला. आमच्या घरात ती गोष्ट आरतीसारखी तोंडपाठ. वाघ माणसं खात होता, गाव हवालदिल झालं होतं, आजोबांनी एका गोळीत त्याला लोळवलं, गावाने मिरवणूक काढली आणि आजोबांच्या नावाचा दगड उभा केला. आईला मरायच्या आधी त्या दगडापाशी नारळ ठेवायचा होता. तिला जाता येत नव्हतं, म्हणून मी निघाले.

तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलेलं, शिकारबंदी येऊन पुष्कळ वर्षं झालेली. शाळेत मी मुलांना 'वाघ वाचवा' अशी चित्रं काढायला लावायची आणि घरी येऊन त्याच मुंडक्याखाली चहा प्यायची. कुणी काही विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. मी मुळात अस्वस्थ बाई. एका जागी पाच मिनिटं बसवत नाही, हातात काही नसलं तर पदराची टोकं पिळत बसते. पण त्या नारळाने मला जेवढं पळवलं तेवढं आजवर कशाने पळवलं नव्हतं.

जळगाव ते चोपडा

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही, सगळ्यांनी केलेला असतो. जळगावला उतरून एसटीत बसले. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी केळी सुरू होतात आणि संपायचं नाव घेत नाहीत. मधूनच कापसाची शेतं, वेचणीला वाकलेल्या बाया. आमच्या साताऱ्याकडे नजर डोंगराला अडते, इथे ती अडतच नाही. लांब उत्तरेला एक निळसर रेघ दिसत होती, तो सातपुडा, असं शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं.

एका वळणावर पिशवी कलंडली आणि आईचा नारळ गडगडत बाकांखालून पार ड्रायव्हरपर्यंत गेला. अख्खी एसटी वाकून नारळ शोधायला लागली. एका म्हाताऱ्याने तो काढून दिला आणि विचारलं, "देवना शे का?"

"नाही, माझ्या आजोबांचा," मी म्हणाले. तो बिचारा हात जोडून परत बसला. त्याला वाटलं असणार, आजोबा आत्ताच गेले.

चोपड्याला स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. म्हणजे पहिला घास खाल्ला, बाकीचा वेळ उचक्या दिल्या. कोल्हापूरकर उगाच तिखटाचा टेंभा मिरवतात असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

माझ्या शाळेतल्या पाटीलबाईंचं माहेर त्याच भागातलं. त्यांचे थोरले भाऊ, नाना, मला घ्यायला आले होते. पन्नाशीचे, धिप्पाड, डोक्याला पांढरा रुमाल, केळीची बागाईत. गावाचं नाव मी लिहीत नाही, पुढचं वाचलंत की का ते कळेल. नानांच्या घरी त्यांची बायको, तिला मी वहिनी म्हणायला लागले, आणि नानांची म्हातारी आत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिला घरदार, गावदार सगळे अक्काच म्हणत.

मी पिशवीतून नारळ काढून कोनाड्यात ठेवला, डोंगरातल्या एका दगडापुढे वाहायचाय, म्हणाले. अक्कांनी मला जवळ बसवून घेतलं. "बठ, माय. थकी गयी व्हशी." मग नाना समोर उभे असताना मलाच म्हणाल्या, "त्याले सांग, पाव्हणीले पाणी दे."

मी नानांकडे बघितलं. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, त्यांना सांगा, पाणी आणायलाच चाललोय."

वहिनींनी स्वयंपाकघरात नेऊन मला कानात सांगितलं. दसऱ्यापासून अक्का नानांशी बोलत नव्हत्या. एका घरात, एका चुलीवर जेवून, सगळा व्यवहार तिसऱ्याच्या मार्फत चालला होता. त्या दिवसापासून तिसरी मी झाले. का बोलत नाहीत, असं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "हेल्यावरून," आणि भाकरी थापायला लागल्या.

वाघबारस

आमच्याकडे ही वसुबारस. गाय-वासराची पूजा, गव्हाचं काही खायचं नाही. इथे डोंगराकडेच्या पावरा आदिवासींची त्याच दिवशी वाघबारस. मला हसूच आलं. एकाच तिथीला आम्ही गायीला ओवाळतो आणि हे वाघाला.

नानांनी ट्रॅक्टरला ट्रॉली लावून मला वर नेलं. नारळ मांडीवर घट्ट धरून बसले होते. सागाच्या झाडांखाली एक उभा दगड, शेंदूर माखलेला, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. पंचवीसेक माणसं जमली होती. पूजा करणारा म्हातारा दुरसिंग, त्याची बोली मला कळेना, नाना मध्ये पडून सांगत होते.

पूजा झाल्यावर मी विचारलं, "आजोबांच्या नावाचा दगड कुठे आहे?"

नानांनी मला नीट विचारून घेतलं, कुठले आजोबा, केव्हाचे, काय करायचे, आणि मी भिंतीवरच्या मुंडक्यासकट सगळं सांगितलं. मग दुरसिंगशी बोलले. दुरसिंगने माझ्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि बराच वेळ बोलला. नाना ऐकत होते आणि रुमाल सारखा करत होते.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "दुसरा दगड नाही. हाच आहे. पण हा साहेबाचा नाही, वाघाचा आहे."

"म्हणजे?"

"हा म्हणतो, त्या वाघाने माणूस खाल्ला नव्हता. त्याच्या बापाच्या वेळची गोष्ट. साहेबाला वाघ पाहिजे होता. खाली गावातून म्हशीचं पारडू आणलं, झाडाला बांधलं, वर मचाण. पारडू ओरडलं, वाघ आला, साहेबाने मारला. मग लोकांना भीती पडली, जंगलाचा धनी मारला, आता काय होईल. माफी मागायला हा दगड बसवला."

"आणि मिरवणूक?"

नानांनी विचारलं. दुरसिंग हसला नाही. "मिरवणूक वाघाची होती," नाना म्हणाले. "बैलगाडीत घालून नेला. लोक दोन्ही बाजूंनी हात जोडून उभे होते. आणि मिशा ह्यांनीच काढून घेतल्या. ह्या दगडाखाली पुरल्यात म्हणतो."

ती भोकं मला आठवली. लहानपणी मी स्टुलावर चढून त्यात बोट घालून बघायची.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. आधी दुरसिंगचा आला, मग आजोबांचा, मग साताऱ्याला आरामात पडलेल्या आईचा. नारळ कुणापुढे ठेवायचा तेच कळेना. वाघापुढे ठेवला तर आईला काय सांगू, आणि नाही ठेवला तर एवढ्या लांब कशाला आले. शेवटी तो पिशवीत परत घातला आणि ट्रॉलीत जाऊन बसले.

धनतेरस

रात्रभर कूस बदलत होते, म्हणून सकाळी चालत केळीच्या बागेत गेले. बागेच्या टोकाला एक पत्र्याची शेड, दाराला पोतं लावलेलं. आतून जड श्वास ऐकू आला. पोतं बाजूला केलं तर अंधारात हेला उभा. आम्ही रेडा म्हणतो, इकडे हेला. काळाभोर, खांदा माझ्या कपाळाइतका उंच, शिंगं मागे वळलेली, पुढचा पाय आणि मान मिळून दाव्याने खुंट्याला बांधलेली. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. मी चार पावलं मागे आले. म्हशीलासुद्धा मी भिते, हा तर हेला.

नाना बादलीत अंडी आणि गूळ कालवून घेऊन येत होते. लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं, कौतुकानेच सांगायला लागले. त्याचं नाव पाव्हणा. पाडव्याला नदीच्या वाळवंटात शेजारच्या गावच्या हेल्याशी त्याची टक्कर. दसऱ्यापासून अंधारात बांधलाय, म्हणजे उजेडात सोडला की चवताळून उठेल. टक्करीच्या आधी थोडी दारू पाजायची. शिंगाला शिंग लागतं, जो पळतो तो हरतो. हरलेल्या मालकाने डोक्याचा रुमाल काढून जिंकलेल्या हेल्याच्या शिंगाला बांधायचा, अशी रीत.

"गेल्या वर्षी त्यांनी भर बाजारात म्हटलं, पाटलाकडे हेला नाही, गाय आहे," नाना म्हणाले. "यंदा हो म्हणून आलोय. शब्द दिलाय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला गप्प बसता आलं असतं तर मी शिक्षिका झाले नसते. मुक्या जनावरांना दारू पाजून झुंजवता, लाज नाही वाटत, डोळा फुटला, शिंग मोडलं तर काय, असं बरंच बोलले.

नानांनी बादली खाली ठेवली. "ताई, म्हशीला नर पारडू झालं की लोक काय करतात माहीत आहे? आईचं दूध तोडतात. उपाशी ठेवून मारतात. नाहीतर खाटकाला देतात. टक्करीचा हेला तेवढा जगतो, खातो, पितो, त्याला नाव असतं. हरला तर पळून जातो. मैदान सगळीकडून उघडं असतं. तुमचा भिंतीवरचा वाघ पळाला होता का?"

आमच्याकडे शर्यतीत बैलांना खिळे टोचतात, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय आणि टाळ्या वाजवल्यात. नाना बरोबर बोलत होते आणि मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. पाव्हण्याने एकदा बादलीकडे तोंड नेलं, दावं ताणलं, थांबला.

"मग अक्कांचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"त्यांना टक्करीचं काही नाही," नाना म्हणाले. "त्यांना बांधल्याचं आहे. या घरात हेल्याला बांधायचं नाही, अशी त्यांच्या बापाची आण. माझ्या आजोबाची. आजवर कुणी बांधला नाही. पाव्हणा गावभर मोकळा फिरायचा, कुणाच्याही दारात खायचा. म्हणून तर गाय झाली त्याची."

त्या दिवसापासून मी निरोप न्यायचं काम सोडून दिलं. अक्का म्हणाल्या, "त्याले सांग, दिवासले तेल आन," तर मी ऐकलंच नाही असं केलं. नाइलाजाने वहिनी तिसऱ्या झाल्या.

लक्ष्मीपूजन

वहिनींनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. सणाच्या दिवशी वांग्याचं भरीत. आमच्याकडे पाटावर पुरणपोळी नसेल तर सासू आठ दिवस तोंड फुगवून बसेल. भरीत मात्र असं होतं की मी दोनदा मागून घेतलं. जीव थाऱ्यावर नसला तरी जीभ आपलं काम करते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दुपारी अक्का ओट्यावर कापसाच्या वाती वळत होत्या. मी येरझाऱ्या घालत होते. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. मी विचारलं, "बांधायचं नाही, अशी आण का घातली वडिलांनी?"

अक्का वाती वळता वळताच सांगायला लागल्या. त्यांची बोली मी इथे आपल्या बोलीत लिहिते, कुठे कुठे त्यांचेच शब्द ठेवते.

त्या तेव्हा परकरी पोर होत्या. घरच्या म्हशीला पारडू झालं, नर. बाकीच्या घरांत टाकून दिलं असतं, पण या पोरीने हट्ट धरला आणि वाटीने दूध पाजून ते वाढवलं. नाव ठेवायचं राहिलं होतं. आमराईत साहेबाचे तंबू पडले होते. साहेबाची माणसं आली, पारडू मागितलं. नाही म्हणायची सोय कुठे होती. पोर रडायला लागली तेव्हा त्यांच्यातला एकजण म्हणाला, दोन दिवस साहेबाकडे पाहुणा म्हणून राहील, मग आणून सोडू.

"त्याले डोंगरमा बांधं," अक्का म्हणाल्या. "तो वरडे. त्याना आवाज रातले आठेपावत ये. नी त्यानी माय आठे गोठामा वरडे. तिले मोकळं सोडं असतं तर गयी असती. म्हणीसन बापनी तिले बी बांधं." दोन्हीकडे बांधलेली जनावरं एकमेकांना हाका मारत होती आणि मधे ही पोर वडिलांच्या कुशीत कान झाकून पडली होती. मग बंदुकीचा आवाज आला आणि एकच जनावर ओरडत राहिलं. म्हस दूध आटेपर्यंत ओरडली.

"मना बाप बोलना, आपलाच हातनी बांधीसन दिधं. आते या घरमा हेलाले दावं नही." त्या म्हशीच्या वंशात जो नर होईल त्याला ठेवायचा, त्याला पाव्हणा म्हणायचं आणि मोकळा सोडायचा. हा त्यांतलाच.

मी म्हणाले, "अक्का, वाघाचा राग नाही आला तुम्हाला?"

"वाघना काय गुन्हा? तो भुक्या व्हता."

माझे हात पदर पिळत होते. मला ते सांगायलाच हवं होतं आणि सांगवत नव्हतं. आजोबा जेवताना ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी पारडाच्या ओरडण्याची नक्कल करायचे. आम्ही सगळी नातवंडं हसून लोळायचो. तो आवाज मला अजून पाठ आहे. शेवटी मी सांगितलं, "अक्का, तो साहेब माझा आजा होता."

अक्कांनी वात पूर्ण वळली, बाकीच्यांत ठेवली. "माले माहीत शे. तू पिशवीमाईन नारळ काढा, तव्हयच समजनं. इतला दूरथून नारळ कोन लई येस?"

आल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी मला शेजारी बसवून जेवायला वाढलं होतं. मला फार लाज वाटली. मी उठून चालायला गेले, पार नदीपर्यंत, आणि परत आले तेव्हा लक्ष्मीपूजनाचे दिवे लागले होते.

पाडवा

पाडव्याला इकडे गुराढोरांना ओवाळतात. सकाळी नाना ढोलवाल्यांना आणायला ट्रॅक्टर घेऊन गेले. टक्कर दुपारी. अक्कांनी ताम्हण घेतलं, त्यात निरांजन, कुंकू आणि गूळ. मला म्हणाल्या, "चाल. नारळ बी ले."

शेडमध्ये गेल्यावर त्यांनी पोतं ओढून काढलं. उजेड आत आला तसा पाव्हण्याने डोळे मिटले. त्याच्या शिंगांना रंग लावलेला होता, गळ्यात झेंडूची माळ. जिथे दावं मानेला घासलं होतं तिथे कातडं सोललेलं, माशा बसत होत्या. अक्कांनी ओवाळलं, कुंकू लावलं, जखमेवर फुंकर घातली. मग बाजूला झाल्या आणि खुंट्याकडे बोट दाखवलं.

"मी?" मी दाराकडे सरकले. "अक्का, मी भिते. तुम्ही सोडा ना."

"मी सोडं तर घरमा जलमभरनं भांडण. तू पाव्हणी शे, सकाळी चालनी जाशी." त्या मिश्कील हसल्या आणि मग हसू गेलं. "नी तुना आजानी बांधं. तू सोड."

मी खाली बसले. नानांनी गाठ अशी मारली होती की माझी नखं मोडली तरी ती हलेना. कोपऱ्यात विळा होता, तो उचलला तर अक्कांनी नको म्हणून मान हलवली. कापायचं नाही, सोडायचं. हेल्याचं तोंड माझ्या खांद्याशी, त्याचा श्वास माझ्या मानेवर. मला एकसारखं वाटत होतं की नाना येतील, ढोल वाजतील, आणि मी इथे खाली सापडेन. आधी पायाची गाठ सुटली. मग मानेची. दावं जमिनीवर पडलं.

पाव्हणा जागचा हलला नाही.

आम्ही दोघी बघत राहिलो. मान तशीच तिरकी, पाय तसाच आखडलेला, दावं अजून असल्यासारखा उभा. मला रडू फुटलं. एवढा प्रचंड जीव आणि त्याला कळत नव्हतं की तो सुटलाय. मी अक्कांना म्हणाले, "उशीर झाला आपल्याला."

अक्कांनी माझ्या हातातला नारळ घेतला, खुंट्यावर आपटून फोडला आणि पाणी तिथेच सांडलं. मग पाठ फिरवून बाहेर पडल्या आणि केळीतून नदीच्या वाटेला लागल्या. एकदाही मागे वळल्या नाहीत. जरा वेळाने मागून केळीची पानं मोडल्याचा आवाज आला. पाव्हणा लंगडत त्यांच्या मागे चालला होता. मी सगळ्यांत शेवटी, हातात नारळाची भकलं घेऊन.

नदीच्या डोहात तो उतरला आणि पाण्यात पार बुडून गेला, वर नुसत्या नाकपुड्या आणि रंगवलेली शिंगं. झेंडूची माळ सुटून वाहून गेली.

ढोल तिथपर्यंत आले. नाना पुढे, मागे अर्धं गाव, गुलालाने लाल झालेलं. पाव्हण्याला पाण्यात बघून ढोल एकेक करून थांबले. नानांनी काठ्या मारून बघितल्या, दगड फेकले, दोघं पाण्यात उतरले. पाव्हण्याने कूस बदलली आणि आणखी खोल गेला. पाण्यातल्या हेल्याला माणसाने काढायचं म्हणजे अशक्य, हे त्या लोकांनाही माहीत होतं. मागे कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.

नाना माझ्यापाशी आले. "कुणी सोडला?"

"मी सोडला," मी म्हणाले. "नाना, माझ्या आजोबाने नेलं ते पारडू तुमच्याच घरचं होतं. तुमच्या घरात मी पाहुणी म्हणून आले आणि तुमची लाज घालवली. पण मला दुसरं काही करता आलं नसतं."

नानांनी अक्कांकडे बघितलं. अक्का काठावर बसून पाव्हण्याकडे बघत होत्या. मग नाना एकटेच नदीच्या पात्रातून वाळवंटाकडे निघाले, जिथे शेजारचं गाव त्यांची वाट बघत होतं. सोबत कुणी गेलं नाही. शब्द दिला होता, न जाणं त्यांच्या मनातही आलं नसेल.

दिवेलागणीला ते परत आले तेव्हा डोकं उघडं होतं. त्यांना मी रुमालाशिवाय पहिल्यांदा बघितलं. केस पांढरे, मधे विरळ, एकदम म्हातारे दिसले. हातपाय धुऊन ओट्यावर बसले. वहिनी तिसऱ्याचं काम करायला दारात येऊन उभ्या राहिल्या.

अक्कांनी आपल्या हाताने ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "जेव, नाना," त्या म्हणाल्या. सरळ त्यांना.

नानांनी ताट पुढे ओढलं. मग जेवले.

दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर सोडायला तेच आले. केळीची एक फणी माझ्या पिशवीत घातली. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "ताई, लोक हे विसरणार नाहीत. माझा नातू म्हातारा होईल तरी सांगतील." रागाने नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. आपण बरोबर केलं असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. आजही रोज वाटतं असं नाही.

घरी

साताऱ्याला पोचले तेव्हा आई उशीला टेकून वाटच बघत होती. समोर वाघ. खोटं बोलायचं मी वाटेत पक्कं केलं होतं. म्हातारं माणूस, किती दिवसांचं, सांगावं की दगड मोठा आहे, शेंदूर आहे, लोक पूजा करतात. त्यात तसं खोटंही काही नव्हतं.

"नारळ ठेवलास?" तिने विचारलं.

"फोडला."

"कुठे?"

माझं ठरवलेलं सगळं पळालं. "गोठ्यात," मी म्हणाले. "खुंट्यापाशी." आणि मग सगळंच सांगितलं. दुरसिंग, मिशा, अक्का, पारडू, पाव्हणा, नानांचं उघडं डोकं. भाऊ मधेच उठून आत गेला. आईही त्या नकलेला हसलेली होती, आमच्याआधी कितीतरी वर्षं.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "त्याची आई कधीपर्यंत ओरडली?"

"दूध आटेपर्यंत."

आईने भिंतीकडे बघितलं. मग हात पुढे करून मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझी खाट फिरवा."